जुनी मराठी पुस्तकं सर्वांसाठी खुली करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहजी न मिळणारी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करायची आणि कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता येतील अशी ठेवायची, हे आमच्या गटाचं काम. गटात ग्रंथपाल आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, संगणकावर काम करणारी तरुण मंडळी आहेत. फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

तुम्हाला कोणती पुस्तकं हवी असतात?

हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत यांची पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती ज्याला त्या काळी कुणी जपून ठेवण्याजोगं मानलंच नाही अशा छापील मजकुराची. शाळेची क्रमिक पुस्तकं, पाकशास्त्राची आणि घरगुती औषधांची पुस्तकं, पंचांगं, लावण्यांच्या चोपड्या, नाटकाच्या वेळी विकल्या जाणाऱ्या पदांच्या पुस्तिका, ज्ञातिसंस्थांची मासिकं, संस्थानांचे अहवाल, स्त्रियांनी पदरच्या पैशानं छापून घेतलेली गाण्यांची पुस्तकं. यांची दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि पहिली रद्दीत गेली.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. आज त्यावर प्रबंध लिहिले जातात, पण मधली कित्येक दशकं ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे ते नव्या वाचकांसमोर आलं. कुठे तरी एक प्रत टिकली होती म्हणून हे झालं. ज्यांची एकही प्रत टिकली नाही अशी पुस्तकं किती, हे सांगायला कुणी उरलेलं नाही.

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंतचा भागही केला. घरात एखादं जुनं पुस्तक सापडलं तर आम्ही आधी दात्यांची सूची उघडतो. त्यातही नोंद नसलेलं पुस्तक हाती आलं, तर त्या दिवशीची बाकीची कामं मागे पडतात.

माझ्याकडे आजोबांची पुस्तकांची पेटी आहे. मी काय करू?

आधी काय करू नये ते सांगतो, कारण नुकसान बहुतेक वेळा पहिल्या तासात होतं. ओल्या फडक्यानं पुसू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो आणि अक्षरं घेऊन जातो. कडक उन्हात वाळत घालू नका. एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. आणि ‘ही चांगली, ही फाटकी’ अशी विभागणी करून फाटकी टाकून देऊ नका. मुखपृष्ठ नसलेलं, कसर लागलेलं, शेवटची पानं गेलेलं पुस्तकसुद्धा आम्हाला दाखवा. दुसरीकडची अपुरी प्रत त्याच्यामुळे पुरी होऊ शकते.

मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटका. झटकताना नाकातोंडाला रुमाल बांधा, कारण बुरशी असू शकते. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा आणि मागच्या बाजूचा फोटो काढा. पुस्तकात ठेवलेले कागद, पोस्टकार्डं, पिंपळाचं पान जे काही असेल ते जिथे सापडलं तिथेच राहू द्या. पेटीत वेखंडाचे तुकडे असतील तर ते आजोबांनी कसरीसाठी ठेवलेले आहेत, तेही असू देत.

पुस्तकं कुणाची होती, ते गृहस्थ कुठे राहत, काय करत, हे दोन ओळींत लिहून ठेवा. पुढे हीच माहिती सगळ्यात आधी हरवते.

पुस्तक परत मिळतं का? बांधणी उसवावी लागते का?

मिळतं. बांधणी आम्ही उसवत नाही. पुस्तक जेवढं उघडतं तेवढंच उघडून, इंग्रजी व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले जातात. पुस्तक इतकं ठिसूळ असेल की पान उलटताच तुटेल, तर आम्ही थांबतो आणि कागद-संवर्धनाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवतो.

कागद इतका ठिसूळ का होतो? त्याहून जुन्या पोथ्या तर चांगल्या राहिल्या आहेत.

पोथ्यांचा कागद हातानं केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा असे. जुन्नर, दौलताबाद ही त्याची नावाजलेली ठिकाणं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यावर राळ आणि तुरटीचा संस्कार केलेला असे. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडत राहतं. म्हणून १७५० ची पोथी हातात घेता येते आणि १९२० चं मासिक पापडासारखं मोडतं. त्यात कोकणातली दमट हवा असेल तर विचारायलाच नको. आमच्या रांगेत १८८० ते १९५० मधली पुस्तकं पुढे असतात, त्याचं कारण हेच.

मोबाईलवर स्कॅन केलं तर चालेल का?

पुस्तक घराबाहेर नेणं शक्य नसेल तर जरूर करा. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून. खाली काळं कापड अंथरा. मोबाईल हातात न धरता स्टँडवर लावा आणि तो पानाला समांतर ठेवा. स्कॅनिंगच्या अॅपमध्ये पान पांढरंशुभ्र करणारा फिल्टर असतो, तो मात्र बंद करा. तो डाग घालवताना अनुस्वारही घालवतो आणि जुन्या मराठीत अनुस्वार गेला म्हणजे विभक्ती गेली.

आमच्याकडे स्कॅन रंगीत, ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके घेऊन, होतो. टीपा बारीक टाइपात असतील तर ६०० ला. मूळ प्रतिमा आम्ही टिफ स्वरूपात, म्हणजे तपशील न गाळता, राखून ठेवतो. वाचकांना मिळते ती त्यावरून केलेली हलकी पीडीएफ.

जाहिराती, कोरी पानं, वाचनालयाचे शिक्के हे सगळं कशाला स्कॅन करता?

एक पुस्तक समोर धरून सांगतो. साधारण १८८० च्या सुमारास मुंबईत छापलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बहुधा असं असतं : वर नाव, त्याखाली ‘हें पुस्तक’ अमुक यांनी केलें, तें तमुक छापखान्यांत छापून प्रसिद्ध केलें, मग शके आणि इसवी सन, आवृत्ति पहिली, किंमत बारा आणे. एका कोपऱ्यात ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें रजिस्टर केलें आहे’ अशी ओळ. हा तो छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा. या एका पानावर पुस्तकाचा जन्मदाखला असतो.

पुढे काही पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी येते. छपाईआधी वर्गणी भरलेल्यांची नावं, गावासह : रत्नागिरी, बेळगाव, इंदूर, बडोदे, धारवाड. कुणी एक प्रत घेतलेली, कुणी दहा. त्या काळी मराठी पुस्तक कुठवर जात होतं आणि कोण विकत घेत होतं, हे अशा याद्यांतून जितकं कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळेल. शेवटच्या पानांवर त्याच लेखकाच्या किंवा छापखान्याच्या इतर पुस्तकांची जाहिरात असते. आज कुठेही न सापडणाऱ्या पुस्तकाचा एकमेव पुरावा कधी कधी ती जाहिरात असते. आणि वाचनालयाचा शिक्का सांगतो की ही प्रत कोणत्या गावात, कोणत्या दाखल क्रमांकानं उभी होती.

कोरं पान स्कॅन केलं नाही तर पाहणाऱ्याला शंका राहते की तिथे काही छापलेलं होतं आणि ते गळलं. म्हणून तेही घ्यायचं. घडीचे नकाशे उलगडून घ्यायचे. काम संपल्यावर दुसऱ्या माणसानं पृष्ठांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचे. हा नियम आम्ही कधीही मोडत नाही.

अमुक पुस्तक आधीच इंटरनेट आर्काइव्हवर आहे. मग पुन्हा का?

इंटरनेट आर्काइव्ह म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं फुकट वाचायला देणारं संकेतस्थळ. तिथलं स्कॅन पुरं आणि स्वच्छ असेल तर आम्ही पुन्हा करत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मराठीचीही पुष्कळ पुस्तकं स्कॅन झाली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं, पण प्रती आर्काइव्हवर चढवल्या गेल्या होत्या, म्हणून आज त्या वाचता येतात. त्या कामाचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

अडचण वेगळीच आहे. घाईनं झालेल्या जुन्या स्कॅनमध्ये कधी कडेच्या ओळी कापलेल्या असतात, कधी पान दोनदा येतं आणि त्यापुढचं येतच नाही. त्याहून मोठी अडचण नोंदीची. मराठी नाव रोमन लिपीत, मनाला येईल तसं लिहिलेलं. लेखकाच्या जागी प्रकाशक. भाषेच्या जागी हिंदी. पुस्तक तिथे आहे, पण शोधणाऱ्याला ते सापडत नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते नाहीच. आमचा निम्मा वेळ यातच जातो. देवनागरीत पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखकाचं नाव आजच्या रूढ रूपात आणि मुखपृष्ठावरच्या रूपात, छापखाना, गाव, शके, सन, आवृत्ती, किंमत, पृष्ठसंख्या, मूळ प्रत कुणाची. शकाचं वर्ष सनात बदलताना ७८ मिळवून मोकळं होता येत नाही. शके १८०५ चा माघ सन १८८४ मध्ये पडतो, तेव्हा महिना दिलेला असेल तर तो पाहावा लागतो. ही कामं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण चांगल्या स्कॅनला वाईट नोंद जोडली तर ते स्कॅन फडताळाच्या मागे पडलेल्या पुस्तकासारखं होतं, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

कॉपीराइटचं काय? हे कायदेशीर आहे ना?

आम्ही खुली ठेवतो ती पुस्तकं हक्कमुक्त झालेली असतात, नाही तर वारसांनी लेखी परवानगी दिलेली असते. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीला मुक्त झालं. गो. स. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांची रियासत २०२० पासून मुक्त. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०३० उजाडेपर्यंत थांबायचं. खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली, म्हणून ती २०१३ पासून मुक्त झाली. टोपणनावानं छापलेलं आणि खरा लेखक उघड न झालेलं पुस्तक असेल तरी मोजणी प्रकाशनापासूनच. दोन लेखक असतील तर मागाहून गेलेल्याचं वर्ष धरायचं.

लोक हमखास चुकतात अशा दोन जागा आहेत. एक म्हणजे अनुवाद. मूळ लेखक शेक्सपिअर असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि त्याची मुदत अनुवादकाच्या मृत्यूपासून चालते. दुसरी म्हणजे नवी आवृत्ती. १८९० च्या पुस्तकाची १९९५ ची आवृत्ती समोर असेल तर मूळ मजकूर मुक्त, पण त्यातली नवी प्रस्तावना, टीपा, चित्रं मुक्त नाहीत. अशा वेळी आम्ही जुनी आवृत्तीच शोधतो. ‘सर्व हक्क प्रकाशकाचे स्वाधीन’ असं छापलेलं असलं तरी मुदत लेखकाच्या मृत्यूवरूनच ठरते.

लेखक कधी वारले हेच माहीत नसेल तर?

शोधायचं. चरित्रकोश, मासिकांतले मृत्युलेख, गावातली जुनी माणसं, आडनावाची घराणी. पुस्तक १८७० चं असेल तर प्रश्न बहुधा उरत नाही. १९३५ चं असेल आणि लेखकाचा माग लागतच नसेल, तर आम्ही स्कॅन करून जतन करतो, नोंद प्रसिद्ध करतो आणि मजकूर मात्र बंद ठेवतो. सार्वजनिक, ना-नफा वाचनालयांना आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कायद्यात २०१२ पासून आहे, त्यामुळे असं काम आम्ही वाचनालयाबरोबर करतो. जतन करणं आणि खुलं करणं या दोन पायऱ्या आहेत. दुसरी अडली म्हणून पहिली थांबवू नये.

आम्ही लेखकाचे वारस आहोत. आमचं काही नुकसान होईल का?

मुदत संपलेली असेल तर हक्क कुणाचाच राहिलेला नसतो, तरीही आम्ही शक्यतो घरच्यांना कळवतो. मुदत बाकी असेल तर निर्णय पूर्णपणे तुमचा. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एकट्या थोरल्या भावाची चालत नाही. वर्षानुवर्षं छापलं न गेलेलं पुस्तक खुलं झाल्यावर एखादा प्रकाशक ते पुन्हा काढायला पुढे येतो, असंही होतं. ज्या पुस्तकाची प्रतच मिळत नाही, त्याची मागणी कुठून येणार?

नुसती पीडीएफ पुरत नाही का? मजकूर टंकित कशाला करायचा?

पीडीएफमधलं पान हा फोटो आहे. त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा संगणक ते वाचून दाखवू शकत नाही. म्हणून ओसीआर करायचा, म्हणजे संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं, गूगलचंही वाचतं. आजच्या छपाईवर दोन्ही चांगली चालतात. जुन्या टाइपावर मात्र घ चा ध होतो, भ चा म, थ चा य, आणि ख चे सरळ र व होतात. शिळाछापाची पुस्तकं तर हातानं लिहिलेल्या अक्षरांवरून छापलेली, तिथे यंत्र जवळजवळ हात टेकतं.

सगळ्यात जास्त छळतो तो अनुस्वार. ‘घरांत’, ‘केलें’, ‘त्यानें’, ‘कां’ अशा जुन्या लेखनात दर ओळीला टिंबं असतात. कागदावर माशीचा ठिपका पडला की यंत्र तिथे अनुस्वार देतं आणि खिळा झिजलेला असला की खरा अनुस्वार गाळतं. शेवटी माणसानंच प्रतिमा बाजूला ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. हे मुद्रितशोधन आम्ही मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातल्या खुल्या ग्रंथसंग्रहावर, करतो. तिथे तपासायचं राहिलेलं पान लाल दिसतं, एकानं वाचलं की पिवळं होतं, दुसऱ्यानं पडताळलं की हिरवं. कुणाला कुठलंही पान उघडून काम करता येतं. ह्यूस्टनहून, दुबईहून, सांगलीहून माणसं एकाच पुस्तकावर काम करू शकतात आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

जुनं शुद्धलेखन सुधारून का देत नाही?

कारण ते चुकलेलंच नाही. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम १९६२ चा आहे, त्याआधीच्या लेखकाला तो लावायचा कसा? छापलेलं असेल तसंच उतरवायचं, उघड मुद्रणदोष असला तर टीप द्यायची. शोध सोपा व्हावा म्हणून ‘घरात’ टाकलं तरी ‘घरांत’ सापडेल अशी सोय शोधयंत्रात करता येते. मजकुराला हात लावायची गरज नाही.

काही पुस्तकांत जातींबद्दल, स्त्रियांबद्दल फार वाईट लिहिलेलं असतं. ते काढता का?

नाही. वाचताना आम्हालाही संताप येतो. पण फुले, ताराबाई, आंबेडकर कशाविरुद्ध लिहीत होते, हे त्या पानांशिवाय कळणार नाही. मजकूर पुरा राहतो. गरज वाटली तर नोंदीत दोन वाक्यं लिहितो.

मोडीतली बाडं घेता का?

स्कॅन करतो. वाचन मोडी जाणणाऱ्यांकडून करून घ्यावं लागतं आणि ते फार सावकाश होतं. मोडीत छापील पुस्तकंही आहेत, श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या सामाईक मानकात, मोडी २०१४ पासून आहे, पण आम्ही लिप्यंतर देवनागरीतच देतो.

एकाच ठिकाणी ठेवलं तर पुरे नाही का?

नाही, आणि याचं उत्तर गोव्यात आहे. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूंचं मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल इथे रोमन अक्षरांत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी घरोघरी केलेल्या हस्तलिखित नकलांमुळे, आणि १९०७ ची मंगळूरची आवृत्ती निघू शकली तीही त्यांच्याच आधारानं. म्हणून प्रत्येक स्कॅन आम्ही आर्काइव्हवर चढवतो, विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडिया परिवारातल्या खुल्या साठ्यावर देतो, मूळ पुस्तक देणाऱ्या वाचनालयाला हार्ड डिस्कवर देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. तुम्हीही उतरवून घ्या, मित्रांना पाठवा. परवानगी विचारायची गरज नाही.

आणखी कुठे शोधावं?

राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ ग्रंथ खुले केले आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्वतःची प्रकाशनं संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ आहे. छापील प्रत बघायची तर मुंबई आणि ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालयं, पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि तंजावरचं सरस्वती महाल विसरू नका.

आमच्या गावचं वाचनालय जुनी पुस्तकं बाद करतंय. काही करता येईल का?

येईल, पण लवकर. बाद करायच्या पुस्तकांची यादी कार्यकारी मंडळापुढे मंजुरीला येते. तिथे जाऊन यादी मागा. ग्रंथपालांशी भांडू नका. कपाटं थोडी, अनुदान तुटपुंजं आणि छप्पर गळकं अशा स्थितीत ते निर्णय घेत असतात. पुस्तकं फुकट मागण्याऐवजी स्कॅन होईपर्यंत थांबण्याची विनंती करा आणि स्कॅनची एक प्रत वाचनालयाच्या नावानंच प्रसिद्ध होईल असं लेखी सांगा. १९५० च्या आधीची, मुखपृष्ठ फाटलेली आणि ‘विविध’ या सदरात टाकलेली पुस्तकं आधी वेगळी काढा. रद्दीवाला शनिवारी येणार असेल तर शुक्रवारपर्यंत आम्हाला फोटो पाठवा.